शिक्का कशाची हमी देतो? न्याय्य व्यापाराच्या हिशेबाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही समविचारी मंडळींच्या गटाला न्याय्य व्यापाराचा, म्हणजे फेअर ट्रेडचा, प्रचार करायचा आहे. पाकिटावर शिक्का असला की जादा पैसा खरोखर शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो का, आणि या नावाखाली काम करणाऱ्या इतक्या संस्थांपैकी कोणाबरोबर काम करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे निर्यात करार आणि त्यांचे हिशेब तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. ते बहुतांशी कॉफीशी संबंधित होते, त्यामुळे माझी उदाहरणेही प्रामुख्याने कॉफीचीच असतील.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण संस्थांच्या नावांचा गोंधळ दूर झाल्याशिवाय पैशाचा प्रश्न नीट मांडताच येत नाही. या गोंधळाचे मूळ इतिहासात आहे. चळवळीची पहिली शाखा हस्तकलेतून निघाली. १९४६ साली एडना रूथ बायलर या मेनोनाइट पंथाच्या अमेरिकी कार्यकर्तीने प्वेर्तो रिकोमधील स्त्रियांचे भरतकाम आपल्याकडे नेऊन ओळखीपाळखीच्या लोकांत विकायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानांची साखळी उभी राहिली. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमने १९५० च्या दशकात निर्वासितांनी बनवलेल्या वस्तू आपल्या दुकानांत ठेवल्या. नेदरलँड्समधील केर्कराडे येथे १९५९ मध्ये एका गटाने अशीच आयात संस्था उभारली, आणि १९६९ मध्ये ब्रोकेलेन येथे पहिले ‘वर्ल्ड शॉप’ उघडले. या दुकानांत माल कोणी बनवला हे विक्रेत्याला ठाऊक असे आणि तो ते गिऱ्हाइकाला सांगतही असे. हमी होती ती माणसांची, आणि शिक्क्याची गरज कोणालाच भासत नव्हती.

दुसरी शाखा कॉफीतून फुटली. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात उसिरी नावाची छोट्या कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था होती आणि तिच्याबरोबर काम करणारे फ्रान्स व्हान डर होफ हे डच धर्मगुरू होते. त्यांनी आणि सॉलिडारिडाड या डच संस्थेच्या निको रोझेन यांनी १९८८ मध्ये ‘मॅक्स हावेलार’ हे नामचिन्ह सुरू केले. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. वर्ल्ड शॉपमध्ये येणारी माणसे सहृदय होती, पण मोजकीच होती, आणि उसिरीकडची कॉफी तेवढ्याने संपत नव्हती. लोक रोजची कॉफी सुपरमार्केटमधून घेत असतील, तर आपली कॉफीही तिथेच जायला हवी. मात्र सुपरमार्केटमध्ये कोणी ओळखीचा विक्रेता उभा नसतो, म्हणून त्याच्या शब्दाची जागा शिक्क्याने घेतली.

त्यानंतर काही महिन्यांतच, जुलै १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालील निर्यात कोटे गुंडाळले गेले. उत्पादक आणि ग्राहक देशांनी मिळून पुरवठा आवरून धरण्याची ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली होती. ती मोडल्यावर भाव जवळपास निम्म्यावर आले, आणि २००१ च्या मंदीत तर पाउंडाला (वजनाचा पाउंड, सुमारे ४५० ग्रॅम) ५० सेंटच्याही खाली घसरले. न्याय्य व्यापारातील किमान किंमत ही माझ्या मते या पोकळीची संतान आहे. सरकारांनी जे काम सोडून दिले, ते निदान आपल्यापुरते खासगी कराराने करावे असा तो प्रयत्न होता आणि आजही आहे. शिक्क्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे ठरवताना एवढे लक्षात ठेवले तर पुष्कळ निराशा टळते.

आजच्या प्रमुख संस्था या दोन शाखांवरच बसलेल्या आहेत. पहिल्या शाखेतून १९८९ मध्ये एक आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. त्याचे आजचे नाव जागतिक फेअर ट्रेड संघटना, म्हणजे डब्ल्यूएफटीओ. ती संस्थेला पारखते. तुमचा संपूर्ण कारभार तिच्या दहा तत्त्वांनुसार चालतो का, हे स्वमूल्यमापन, लेखापरीक्षण आणि अन्य सदस्यांची भेट अशा मार्गांनी तपासले जाते. दुसऱ्या शाखेतील निरनिराळ्या देशांची नामचिन्हे १९९७ मध्ये एकत्र येऊन जी संस्था झाली ती आज फेअरट्रेड इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते आणि तिचे कार्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. ती मालाला पारखते, म्हणजे अमुक कॉफी, अमुक केळी, अमुक कोको. सर्वांचा मिळून एक शिक्का २००२ मध्ये आला, आणि २००४ पासून तपासणीचे काम फ्लोसर्ट या स्वतंत्र कंपनीकडे आहे. फेअर ट्रेड दोन शब्दांत लिहिले की ती चळवळ आणि फेअरट्रेड जोडून लिहिले की तो या बॉनच्या संस्थेचा शिक्का, असा संकेत आहे. देवनागरीत तो डोळ्यांना सहज जाणवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

याशिवाय अमेरिकेतील फेअर ट्रेड यूएसए ही संस्था २०११ च्या अखेरीस बॉनच्या व्यवस्थेतून बाहेर पडली. कॉफीच्या बाबतीत केवळ छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाच प्रवेश का, मोठ्या मळ्यांवरील मजुरांना का नको, असा तिचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. परंतु मोठा मळा एकाच ठिकाणी, एकाच प्रतीचा, वाटेल तेवढा माल देऊ शकतो आणि त्याच्याशी स्पर्धा करताना डोंगरावरील चारशे कुटुंबांची संस्था मागे पडते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे या वादात माझा कल सहकारी संस्थांकडे आहे हे लपवत नाही. लॅटिन अमेरिकेतील छोट्या उत्पादकांनी तर २००६ मध्ये स्वतःचेच एक चिन्ह काढले. रेनफॉरेस्ट अलायन्सच्या हिरव्या बेडकालाही लोक अनेकदा याच पंक्तीला बसवतात, पण त्या व्यवस्थेत किमान किंमत नाही. तिचा मुख्य भर शेतीच्या आणि पर्यावरणाच्या पद्धतींवर आहे. ते काम वाईट आहे असे नव्हे, पण ते वेगळे काम आहे.

आता पैशाकडे येऊ. फेअरट्रेडच्या करारात अरेबिका या कॉफीच्या प्रमुख जातीसाठी तीन गोष्टी असतात. पहिली किमान किंमत. धुतलेल्या, म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेल्या, अरेबिकाची ही किंमत ऑगस्ट २०२३ मध्ये पाउंडाला १.८० डॉलर झाली. बाजारभाव याहून चढा असेल तर बाजारभाव द्यावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाउंडामागे २० सेंटचा प्रीमियम. तो संस्थेच्या वेगळ्या खात्यात जमा होतो, त्याचे काय करायचे हे सभासदांची सर्वसाधारण सभा ठरवते, आणि त्यातील निदान ५ सेंट उत्पादकता आणि प्रत यांवर खर्च करायचे असतात. तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: संस्थेने मागितल्यास कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत उचल मिळण्याची सोय. सहकारी संस्थेत काम केलेला माणूस या तिसऱ्या कलमाकडे आधी पाहतो. तोडणीच्या हंगामात सभासदाला रोख पैसे लागतात, दलाल ते बांधावर येऊन देतो आणि संस्था म्हणते, माल निर्यात झाल्यावर देऊ. ज्या संस्थेच्या तिजोरीत त्या दिवशी पैसे नसतात तिला माल मिळत नाही, मग तिचा करार कितीही चांगला असो.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. किमान किंमत ही जहाजावर चढलेल्या, निर्यातयोग्य हिरव्या बियांची असते. शेतावर तोडलेल्या लाल फळांची नसते. साधारण पाच ते सहा किलो फळांतून एक किलो हिरवी बी निघते. शिवाय १.८० डॉलरमधून सोलाई, प्रतवारी, गोणपाट, बंदरापर्यंतची वाहतूक, कर्जावरील व्याज, प्रमाणनाचे शुल्क आणि संस्थेचा कारभार, एवढे सगळे वजा होऊन उरलेला पैसा सभासदाला मिळतो. किती वजा होते हे संस्थेगणिक बदलते, आणि तो फरक लहान नसतो. एकच शिक्का असलेल्या, एकाच डोंगररांगेतल्या दोन संस्थांच्या सभासदांना वेगवेगळा भाव मिळालेला मी पाहिला आहे, आणि त्याचे कारण एवढेच होते की एका संस्थेची सोलाईची यंत्रणा स्वतःची होती, तर दुसरी ते काम भाड्याने करून घेत होती.

पण या सगळ्याहून निर्णायक अशी एक बाब आहे आणि माझ्या उत्तराचा गाभा तीच आहे. संस्थेला प्रमाणपत्र मिळाले म्हणजे तिचा सगळा माल न्याय्य अटींवर विकला जातो असे नाही. प्रमाणपत्र म्हणजे विकण्याची पात्रता. खरेदी करण्याचे बंधन त्यातून कोणावरच येत नाही. उदाहरणादाखल चारशे सभासदांची एक संस्था घ्या. तिचा वर्षाचा माल दहा कंटेनर आहे, आणि एका कंटेनरमध्ये सुमारे ३७,५०० पाउंड कॉफी मावते असे धरू. बाजारभाव १.२० डॉलर आहे. दहाही कंटेनर न्याय्य अटींवर गेले, तर पाउंडामागे किमतीतील फरकाचे ६० सेंट आणि प्रीमियमचे २० सेंट, असे ८० सेंट जादा मिळतील. आता समजा न्याय्य अटींवर घेणारे खरेदीदार फक्त दोन कंटेनरपुरतेच मिळाले. त्या दोनवर ६०,००० डॉलर जादा आले. ती रक्कम मोठी वाटते, पण सगळा माल सगळ्या सभासदांचा असल्यामुळे ती दहाही कंटेनरवर, म्हणजे ३,७५,००० पाउंडांवर पसरते आणि पाउंडाला सरासरी १६ सेंटच पडतात. तपासणीचा खर्च मात्र बऱ्याच अंशी ठरलेलाच असतो. दोन कंटेनर विकले म्हणून तपासनीस एक-पंचमांश शुल्कात येत नाही. तेव्हा ‘शिक्का असला की शेतकऱ्याला जादा मिळते का’ या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या पाकिटापुरते मिळते. शेतकऱ्याच्या वर्षाला त्याने काय फरक पडतो, हे उरलेल्या आठ कंटेनरचे काय झाले यावर अवलंबून असते.

या गणिताला उलटी बाजूही आहे, आणि ती मला अनुभवाने कळली. २०१० च्या अखेरीस मी ज्या संस्थेचे करार पाहत होतो तिने पुढील हंगामाचा बराचसा माल ठरावीक भावाने विकून टाकला होता. तो भाव त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे उत्तम होता, किमान किंमतीच्या बराच वर होता, आणि कागदावर माझीही शिफारस होती. २०११ च्या वसंतापर्यंत वायदेबाजारात अरेबिका तीन डॉलरच्या घरात गेली. दलालांच्या गाड्या वाडीवस्तीवर फिरू लागल्या, आणि ज्या सभासदांनी मंदीच्या काळात संस्थेचे गुणगान केले होते तेच रात्री माल बाहेर देऊ लागले. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही, कारण मुलांची फी आणि औषधपाणी दलालाच्या भावातून सुटत होते, संस्थेच्या भावातून नाही. संस्थेला करार पुरा करण्यासाठी बाहेरून चढ्या भावाने माल घेता येईना आणि खरेदीदार एक दिवसही थांबायला तयार होईना. शेवटी दोन कंटेनर बुडाले आणि व्यवस्थापकाला पायउतार व्हावे लागले. चूक त्याच्याइतकीच माझीही होती, कारण भाव एकदम बांधण्याऐवजी टप्प्याटप्प्याने बांधण्याचा आग्रह मी धरायला हवा होता. किमान किंमत घसरणीपासून वाचवते; चढ्या बाजारात संस्थेला वाचवते ती हंगामाआधीची उचल आणि सभासदांचा विश्वास. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कॉफी चार डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा हाच पेच अनेक संस्थांपुढे पुन्हा उभा राहणे अपरिहार्य होते.

किमान किंमत स्वतःही वेळेवर वाढते असे नाही. अरेबिकाची किमान किंमत २०११ मध्ये १.४० डॉलर झाली आणि २०२३ पर्यंत तिथेच राहिली. या बारा वर्षांत खत, मजुरी आणि वाहतूक तिथेच थांबली नव्हती. किमान किंमत वाढवली तर खरेदीदार स्वस्त शिक्क्यांकडे वळतील ही भीती दरवेळी बैठकीत असते, आणि ती निराधारही नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली नेस्लेने किटकॅटसाठीची फेअरट्रेड व्यवस्था सोडून रेनफॉरेस्ट अलायन्सची निवड केली, हे ताजे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

टीकाकारांचा एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. लंडनच्या सोआस या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडामध्ये केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांतील शेतमजुरांची मजुरी इतर तुलनीय ठिकाणांपेक्षा कमी आढळली, असा त्याचा निष्कर्ष होता. फेअरट्रेडने तुलनेच्या पद्धतीवर हरकत घेतली आणि त्या हरकतींत काही तथ्यही होते. तरीही मूळ मुद्दा टळत नाही. ‘छोटा शेतकरी’ हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा त्याच्याकडे तोडणीला येणारा भूमिहीन मजूर आपल्या नजरेतून निसटतो. तो सभासद नसतो, सर्वसाधारण सभेत बसत नाही आणि प्रीमियमच्या ठरावावर त्याचे मत नसते. चहा, फुले, केळी यांच्या मळ्यांसाठी मजुरांची वेगळी मानके आहेत आणि तिथे प्रीमियमचा निर्णय मजुरांच्या समितीकडे असतो. सहकारी संस्थांच्या शेतांवर मात्र हा धागा आजही सैल आहे. प्रचार करणाऱ्याने हे विचारले जाण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे असे मला वाटते.

शिक्का वाचण्याविषयी थोडेसे. फेअरट्रेडच्या काळ्या पार्श्वभूमीच्या चिन्हाशेजारी छोटा बाण असेल, तर त्या पदार्थात अनेक घटक आहेत किंवा त्यातील घटक ‘मास बॅलन्स’ पद्धतीने घेतले आहेत, असा त्याचा अर्थ होतो. कोको, साखर, चहा आणि फळांचा रस यांना ही मुभा आहे: कारखान्याने जितका माल न्याय्य अटींवर घेतला तितकाच न्याय्य म्हणून विकायचा, पण मध्ये तो इतर मालात मिसळला तरी चालते. म्हणजे तुमच्या हातातील चॉकलेटच्या वडीतला कोको प्रत्यक्ष त्या शेतातला असेलच असे नाही. शेतकऱ्याला पैसा मात्र पोहोचलेला असतो. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही, कारण वेगळी गोदामे आणि वेगळे घाणे सांभाळायला लावले असते तर छोट्या संस्थांचा कोको कोणी घेतलाच नसता. पांढऱ्या पार्श्वभूमीचे चिन्ह असेल आणि त्याला एखाद्या घटकाच्या नावाची पट्टी जोडलेली असेल, तर फक्त तेवढा एक घटक न्याय्य अटींवर घेतलेला असतो. कॉफीच्या बाबतीत मात्र माल शेवटपर्यंत वेगळा ठेवावा लागतो.

प्रचाराच्या कामाकडे वळू. या कामाचा सर्वांत यशस्वी नमुना इंग्लंडमधील गार्स्टँग या छोट्या गावाने घालून दिला. २००० साली त्याने स्वतःला फेअरट्रेड गाव म्हणून जाहीर केले आणि त्यानंतर तीसहून अधिक देशांतील दोन हजारांहून जास्त गावांनी आणि शहरांनी तोच कित्ता गिरवला. पद्धत साधी आहे: स्थानिक प्रशासनाचा ठराव, दुकानांत आणि उपाहारगृहांत मालाची उपलब्धता, शाळा आणि कार्यालयांचा सहभाग, वृत्तपत्रांतील प्रसिद्धी आणि हे सगळे चालू ठेवणारी समिती. माझ्या दृष्टीने यातील ठराव आणि कार्यालये या दोन बाबी उरलेल्यांपेक्षा मोलाच्या आहेत. एखादे घर महिन्याला कॉफीची दोन पाकिटे घेते आणि मन बदलले की ब्रँड बदलते. नगरपालिका, विद्यापीठ किंवा रुग्णालय वर्षाची निविदा काढते, आणि निविदेतील एका ओळीने आठ कंटेनरपैकी एखादा इकडे सरकू शकतो. मेळावे, रांगोळ्या, मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारचा जागतिक फेअर ट्रेड दिन, हे सगळे करावे. त्याने माणसे जोडली जातात. पण निविदा काढणाऱ्या लेखाधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसून घालवलेली एक सकाळ जास्त कामाची ठरते.

धोरणाच्या पातळीवर काम करणाऱ्या संघटनांकडे प्रचारक सहसा दुर्लक्ष करतात. ब्रुसेल्समधील फेअर ट्रेड ॲडव्होकसी ऑफिस हे त्यातले प्रमुख. युरोपीय संघाने २०१९ मध्ये अन्नसाखळीतील अनुचित व्यवहारांविरुद्ध निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांपेक्षा जास्त काळ अडकवणे, ऐनवेळी ऑर्डर रद्द करणे, करार एकतर्फी बदलणे अशा गोष्टी त्याने निषिद्ध ठरवल्या, आणि युरोपाबाहेरील पुरवठादारही त्याच्या संरक्षणात येतात. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत हे कार्यालय होते. शिक्का नसलेल्या मालालाही हा नियम लागू होतो, हे त्याचे मोठे बळ आहे.

आता कोणाबरोबर काम करावे हे ठरवू. तुमचा भर हस्तकला, कापड आणि छोट्या उत्पादक गटांवर असेल तर डब्ल्यूएफटीओच्या सदस्य संस्थांशी नाते जोडावे, कारण तिथे संपूर्ण संस्थेची पारख झालेली असते आणि हस्तकलेसाठी किमान किंमतीचे कोष्टक बनवणे तसेही अशक्य असते. कॉफी, चहा, कोको, केळी, साखर अशा मालावर भर असेल तर फेअरट्रेडची राष्ट्रीय संस्था किंवा त्या व्यवस्थेतील उत्पादक संस्थांचे संघ यांच्याकडे जावे. त्या व्यवस्थेच्या सर्वसाधारण सभेतील निम्मी मते उत्पादकांकडे देण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, ही बाब तिच्या बाजूने मोजायला हवी. दोन्हींबरोबर काम करण्यास काहीच हरकत नाही. त्यांच्यातील तात्त्विक भांडणे आपल्या गटात आणू नयेत, ती त्यांच्याकडेच पुरेशी आहेत.

ज्या विक्रेत्याचा माल तुम्ही लोकांना सुचवणार आहात त्याला आधी तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्या लेखी विचाराव्यात. तुमच्या एकूण खरेदीतील किती हिस्सा न्याय्य अटींवरचा आहे? त्याच उत्पादक संस्थेकडून तुम्ही सलग किती वर्षे माल घेत आहात? आणि गेल्या हंगामात तुम्ही उचल दिली होती का, दिली असल्यास तोडणीच्या आधी की नंतर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण टक्केवारीत देतात, दुसऱ्याचे अभिमानाने देतात, आणि तिसऱ्यापाशी अडखळतात. त्याचबरोबर विक्रेत्याकडून त्याचा फ्लो-आयडी हा क्रमांक मागून घ्यावा आणि तो फ्लोसर्टच्या संकेतस्थळावरील ग्राहक शोधात घालून प्रमाणपत्र आज वैध आहे का, की निलंबित झाले आहे, हे स्वतः पाहावे. याला दोन मिनिटे लागतात.